बॉक्सवर २६१८, आत ओतीव पिस्टन : एका फसवणुकीचा तपशील

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील कारखान्यात २००१ पासून स्कोडाच्या ऑक्टेव्हिया गाड्यांची जुळणी सुरू झाली. त्यामुळे या गाडीवर जीव असलेली माणसे आणि तिच्या इंजिनात हात बसलेले मिस्त्री आमच्या भागात आजही सापडतात. माझ्याकडे तिचीच १.८ लिटर टर्बो पेट्रोल आरएस आहे. सिलिंडर झिजल्यामुळे इंजिन उघडावे लागले. टर्बोचा दाबही थोडा वाढवायचा होता, म्हणून ८१ मिलिमीटरचा मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८१.५ करून फोर्ज्ड, म्हणजे धातू साच्यात दाबून घडवलेले, पिस्टन बसवण्याचे ठरले. परराज्यातील एका विक्रेत्याने फोर्ज्ड म्हणून मला ओतीव, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेले, पिस्टन विकले. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे त्याचे नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सविस्तर सांगतो.

हा माणूस अडाणी नव्हता. फोनवर त्याने २६१८ आणि ४०३२ या फोर्ज्ड पिस्टनांच्या दोन ॲल्युमिनियम मिश्रधातूंमधला फरक जसा समजावला, तसा मला अनेक जाणकारांनीही समजावला नव्हता. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळजवळ नसते, पाव टक्क्याच्या आतच. त्यामुळे तो चिवट असतो, नॉकिंगचे (इंधन अवेळी पेटल्याचे) धक्के सोसतो, पण तापल्यावर जास्त फुगतो. ४०३२ मध्ये सिलिकॉन साधारण बारा टक्के असते. तो कमी फुगतो, आवाज कमी करतो, पण धक्क्याला तुलनेने ठिसूळ असतो. हे सगळे खरे आहे. (२६१८ च्याच कुळातील धातू काँकॉर्ड विमानाच्या सांगाड्यासाठी वापरला होता, हेही त्याने सांगितले आणि तेही खरेच आहे.) त्याने दिलेली प्रत्येक थाप अशा एखाद्या खऱ्या माहितीच्या आडोशाने आली, आणि म्हणूनच ती ओळखायला वेळ लागला.

चार पिस्टन, रिंगा आणि पिना यांचा सेट पन्नास हजारांच्या आसपास पडला. आयातशुल्क धरून अस्सल सेट याच्या दीडपटीखाली मिळत नाही; पण रद्द झालेल्या मागणीचा माल शिल्लक आहे, असे कारण त्याने दिले होते. छायाचित्रे अस्सल मालाची होती. सीलबंद बॉक्सवर २६१८ हा आकडा, होलोग्राम आणि क्लिअरन्सचा, म्हणजे पिस्टनभोवती ठेवायच्या जागेचा, छापील तक्ता होता. त्या तक्त्याप्रमाणे मिस्त्रींनी पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात जवळपास ९० मायक्रॉन जागा ठेवून होनिंग (सिलिंडरची आतून बारीक घासाई) करून घेतले. २६१८ साठी ते योग्यच आहे, कारण तो धातू फुगून ती जागा भरून काढतो. कमी फुगणाऱ्या ओतीव पिस्टनला मात्र साधारण निम्मी जागा पुरते.

इंजिन सुरू झाल्यावर टक-टक आवाज आला. विक्रेता म्हणाला, “साहेब, फोर्ज्डचा आवाज असतोच.” थंड इंजिनात तो असतो, हे खरे, परंतु इंजिन पूर्ण तापल्यावर तो विरायला हवा, आणि आमच्या गाडीत तो तसाच राहिला. पुढे ऑइल कमी होऊ लागले, सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला, आणि एके दिवशी जालना रस्त्यावर गाडीची ओढच गेली. मिस्त्रींनी कॉम्प्रेशन तपासले तर तिसऱ्या सिलिंडरचे जवळपास संपलेले होते. हेड काढून पिस्टन बाहेर घेतला तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधला काठ तुटून पडलेला दिसला. दाब वाढवलेल्या टर्बो इंजिनात ओतीव पिस्टन नेमका तिथेच हार मानतो.

पिस्टन उलटा धरल्यावर आणखी गोष्टी दिसल्या. फोर्जिंगच्या साच्यातून ठोकळा सरळ वर निघावा लागतो, त्यामुळे पिनच्या बॉसमागे (पिन बसते त्या जाड भागामागे) आत वळलेले खळगे फोर्जिंगमध्ये तयारच होऊ शकत नाहीत. आमच्या पिस्टनला ते होते, आणि ओतकामाच्या साच्याची जोडरेषा घासून पुसट केलेली होती. सराफ्यातील काट्यावर चारही पिस्टनांची वजने घेतली, तर सर्वांत जड आणि सर्वांत हलका यांच्यात नऊ ग्रॅमचा फरक निघाला. चांगल्या सेटमध्ये तो एक-दोन ग्रॅमपलीकडे जात नाही.

वाळूजच्या एका प्रयोगशाळेत स्पेक्ट्रो (धातूत कोणते घटक किती, याची तपासणी) करून घेतला. सिलिकॉन बारा टक्क्यांच्या जवळ निघाले. (जालन्यात पोलाद गिरण्यांमुळे स्पेक्ट्रोची सोय बरीच आहे, पण तिथले यंत्र बहुधा लोखंडासाठी लावलेले असते, ॲल्युमिनियमचा प्रोग्राम आहे का, हे आधी विचारावे.) अहवाल पाठवताच विक्रेत्याने शांतपणे उत्तर दिले की बॉक्स चुकून बदलला, हे ४०३२ आहेत आणि तेही फोर्ज्डच आहेत. हे उत्तर त्याने आधीच तयार ठेवले असावे असे मला वाटते, कारण नुसत्या रासायनिक अहवालाने ते खोडता येत नाही. पिस्टन ओतण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूंची घडण ४०३२ शी इतकी जुळते की सिलिकॉन, तांबे, मॅग्नेशियम आणि निकेल यांच्या आकड्यांवरून ओतीव कोणता आणि फोर्ज्ड कोणता, हे ठरत नाही.

म्हणून तुटलेला पिस्टन कापून, पॉलिश करून, आम्लाने खोदून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. फोर्ज्ड धातूत कण दाबाच्या दिशेने लांबलेले आणि आकाराला धरून वळलेले दिसतात. येथे ओतकामातच येणारी झाडाच्या फांद्यांसारखी रचना आणि बारीक छिद्रे होती. त्यानंतर विक्रेत्याने फोन उचलणे बंद केले. उरलेले तीन पिस्टन मी कापले नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आयोग स्वतः नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि त्यासाठी अखंड नमुना हाताशी असावा लागतो.

विक्रेता परराज्यात असला तरी त्याच्या गावी जावे लागत नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मला खरी अडचण बिलाची आली. त्यावर केवळ “इंजिन पार्ट्स, एक सेट” एवढेच लिहिलेले होते; धातू, पार्ट नंबर, बॅच यांपैकी काहीच नव्हते. २६१८ चा उल्लेख असलेले व्हॉट्सॲप संदेश आणि बॉक्स जपून ठेवलेला असल्यामुळेच तक्रार उभी राहिली.

नवा सेट घेताना मी विक्रेत्यांपुढे लेखी अट ठेवली : बिलावर मिश्रधातू आणि बॅच क्रमांक यावा, आणि बसवण्याआधी एक्सआरएफ गनने (क्ष-किरणांनी धातूतील घटक मोजणाऱ्या हातातल्या यंत्राने) केलेल्या तपासणीत सिलिकॉन जास्त निघाल्यास पूर्ण रक्कम परत मिळावी. ही तपासणी मोठ्या भंगार व्यापाऱ्याकडे किंवा फाउंड्रीत काही मिनिटांत होते आणि पिस्टनवर ओरखडाही उठत नाही. घासाघीस करणाऱ्यांपैकी काहींनी ही अट वाचून उत्तरच दिले नाही. ज्याने ती मान्य केली, त्याचा भाव सर्वांत जास्त होता. सेट त्याच्याकडूनच घेतला, आणि मशीन शॉपमध्ये ब्लॉक नेण्याआधी गनवर सिलिकॉनचा आकडा पाहून घेतला.