नाव १०५० टीआय, आत भलतंच: म्हापशात ६,८०० रुपयांना घातलेला गंडा

जुनं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड कोणी विकायला आणलं, तर बॉक्स बघू नका, स्टिकर बघू नका. कार्डाच्या मागच्या पट्टीवर निळा व्हीजीए पोर्ट, म्हणजे जुन्या मॉनिटरची केबल लावायचं तोंड, आहे का ते बघा. असेल तर खिशातून पैसे बाहेर काढू नका. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझे १०,७५० रुपये वाचले असते, म्हणून लिहितोय.

मी डिचोलीकडचा. लग्नं, मुंजी, जत्रेतली नाटकं यांचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. हल्ली गिऱ्हाईक फोर-के शिवाय बोलत नाही, आणि माझ्या पीसीत वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं. प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन अडकत होती, चवथीच्या आधी दोन लग्नांचे व्हिडिओ द्यायचे होते. नवीन कार्ड परवडत नव्हतं. जाहिरात दिसली: १०५० टीआय, ४ जीबी, बॉक्ससकट, कमी वापरलेलं. मागणी ७,५०० ची, ठरलं ६,८०० ला. हजार रुपये टोकन म्हणून यूपीआयने पाठवले. नाव भलत्याच माणसाचं आलं. विचारलं तर म्हणाला, मेव्हण्याचं खातं आहे. उरलेले ५,८०० रोख मागितले, कारण म्हणे आजची बँकेची मर्यादा संपली.

"स्वस्तात मिळतंय म्हणून भुललास" असं घरचे, दारचे सगळे म्हणतात. ते साफ खोटं आहे. जुन्या १०५० टीआयचा भाव तेव्हा साधारण तेवढाच चालू होता. दोन हजारांत देतो म्हणाला असता तर मी फोनही उचलला नसता. हे लोक बाजारभावच सांगतात, थोडी घासाघीसही करू देतात, म्हणून तर माणूस निर्धास्त होतो.

बिनतपासणी घेतलं असंही नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत भेटलो. मी म्हटलं, चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देणार नाही. लगेच तयार झाला. जवळच ओळखीचं दुकान आहे म्हणून घेऊन गेला. तिथल्या पीसीत कार्ड बसवलं, सहा पिनांची पॉवर केबल लावली, विंडोज सुरू झालं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्वच्छ लिहिलेलं, जीफोर्स जीटीएक्स १०५० टीआय. मेमरी ४ जीबी. यूट्यूबवर व्हिडिओ लावून दाखवला. "पात्रांव, टेन्शन घेऊं नाका," म्हणाला आणि एक पेनड्राइव्ह दिला. त्यातलाच ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, नेटवरून अपडेट करू नका, हे परत परत बजावलं.

त्या दुकानातला मॉनिटर जुना होता. त्याची निळ्या तोंडाची, दोन स्क्रूची केबल त्याने थेट कार्डाला लावली. माझ्या डोळ्यांसमोर स्क्रू पिळले. आता रात्री झोप लागत नाही तेव्हा मला ती निळी केबलच दिसते. ही चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या पास्कल पिढीच्या चिपमधून, म्हणजे १०५० टीआय ज्या पिढीतलं आहे तिच्यातून, व्हीजीएचा ॲनालॉग सिग्नल निघतच नाही. तिथे एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि डीव्हीआय-डी असतं. शिवाय १०५० टीआय ७५ वॅटचं, बरीच मॉडेलं मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच वीज घेतात, त्यांना वेगळी केबल लागत नाही. दोन्ही गोष्टी समोर होत्या. पण मला सांगा, कॅमेरा चालवणाऱ्या माणसाला हे कुठून माहीत असणार? मी माणसाचा चेहरा बघत होतो, स्क्रीनवरचं नाव वाचत होतो. नाव बरोबर होतं. आणि 'अपडेट करू नका' हे वाक्य मला काळजीचं वाटलं, कारण अपडेटनंतर बिघाड होतो हे आपण सगळेच ऐकत आलोय.

घरी आल्यावर पहिला दिवस ठीक गेला. त्यानंतर मोठी टाइमलाइन उघडली की स्क्रीन काळी, मग 'डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं', नाहीतर निळी स्क्रीन आणि रीस्टार्ट. छोटी क्लिप मात्र सुरळीत चालायची. एक्स्पोर्ट अर्ध्यावर मरायचा. एका नवरीच्या वडिलांना मी तीन वेळा पुढची तारीख दिली. माझ्या शब्दाची किंमत गेली ती कोण भरून देणार?

ओळखीच्या टेक्निशियनने आधी पावसाळ्यातल्या व्होल्टेजवर बोट ठेवलं, मग एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. ३,४५० रुपयांचा नवा ५५० वॅटचा घेतला. क्रॅश तसाच. मग ५०० देऊन विंडोज नव्याने टाकून घेतलं. या वेळी ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घेतला, तर कार्ड उठेचना, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड ४३, म्हणजे कार्डात बिघाड. विकणाऱ्याला फोन केला. म्हणाला, तुम्ही अपडेट केलंत, आता माझी जबाबदारी नाही. त्यानंतर नंबर बंद.

फर्मागुडीला इंजिनीअरिंग शिकणारा माझा भाचा आला, त्याने जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवलं. इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही, छोटी फुकटची फाइल आहे. नावाच्या आधी कंसात 'फेक' असा शब्द आला. चिप जीएफ११६, ४० नॅनोमीटर, १९२ कोअर. खऱ्या १०५० टीआयमध्ये जीपी१०७ चिप असते, १४ नॅनोमीटरची, ७६८ कोअर. हीटसिंक काढून बघितलं तर चिपवरही जीएफ११६ च. म्हणजे २०११ सालच्या जीटीएक्स ५५० टीआयच्या बायोसमध्ये (कार्डातच साठवलेलं मूळ सॉफ्टवेअर) नाव आणि मेमरीचा आकडा बदलून माझ्या गळ्यात मारलेलं. मेमरी प्रत्यक्षात १ जीबी. विंडोजला वाटतं ४ आहे, म्हणून ते भरत जातं, आणि १ जीबी ओलांडली की पुढे लिहायला जागाच नाही. छोटी क्लिप का चालायची आणि लग्नाची टाइमलाइन का मरायची, ते तेव्हा कळलं. त्या पिढीच्या कार्डांचे नवे ड्रायव्हर एनव्हिडियाने २०१८ मध्येच थांबवलेत, म्हणून तर पेनड्राइव्ह दिला होता. नवं कार्ड घातल्यावर क्रॅश सुरू झाले तर आधी कार्ड काढून पीसी चालवून बघा, मगच एसएमपीएसवर पैसे घाला. टेक्निशियनने हे एकदा जरी केलं असतं!

आणि मग सुरू झाली खरी विटंबना. पोलिस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "गेम खेळायचं कार्ड का?" मी म्हटलं, साहेब, माझं पोट आहे त्याच्यावर. म्हणाले, जाहिरात ऑनलाइन होती, सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही समोरासमोर भेटलात, रोख दिलेत, हा सायबर गुन्हा नाही, ठाण्यात जा. परत ठाण्यात गेलो तर नवीन साहेब, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगा. मग निघालं की खातं महाराष्ट्रातलं आहे, तिकडे तक्रार करा. शेवटी, हा दोघांतला व्यवहार आहे, दिवाणी प्रकरण आहे, आणि रक्कम ती केवढी! सहा हजार आठशे ही रक्कम त्यांना छोटी वाटते, कारण ती त्यांच्या खिशातून गेलेली नाही. ग्राहक मदतीच्या नंबरवर फोन केला तर त्यांनी माझ्याकडे बिल मागितलं. बिल देणारा चोर मला अजून भेटलेला नाही. बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. जाहिरातीच्या कंपनीने जाहिरात काढून टाकली, आणि तिच्याबरोबर आमचं सगळं बोलणंही गेलं! पुरावा त्यांनीच पुसला. व्यवहार ठरताना प्रत्येक चॅटचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. ते दुकान म्हणतं, आम्ही फक्त पीसी वापरायला दिला, माणूस ओळखीचा नाही. त्याच माणसाला त्यांनी माझ्यासमोर चहा पाजला होता.

एका वकील मित्राकडून कळलं ते ऐका. खोटी वस्तू खरी म्हणून विकून पैसे घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक आहे, दिवाणी बिवाणी काही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती घ्यावीच लागते, आणि नोंदवली की तिची प्रत फुकट द्यावी लागते. ठाण्याने नकार दिला तर लेखी तक्रार पोस्टाने पोलिस अधीक्षकांना पाठवा, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली आहे, पोचपावती जपून ठेवली आहे. यूपीआयने पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिल्या तासाभरातच फोन करा. मला उमगेपर्यंत दिवस उलटून गेले होते.

यूपीआयवर आलेलं नाव समोरच्या माणसाचं नसेल तर तिथेच व्यवहार मोडा. रोख मागितली तर कागदावर मॉडेल, सीरियल नंबर आणि सही घ्या. खरा माणूस सही करतो. जीपीयू-झेड स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेऊन जा, विकणाऱ्याने त्याच्या लॅपटॉपवर दाखवलेला फोटो धरू नका. फरमार्क ही कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी पंधरा मिनिटं चालवा आणि व्हिडिओ मेमरी भरणारी चाचणी करा, ओसीसीटी नावाच्या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती आहे. यूट्यूब चाललं म्हणजे कार्ड चांगलं, हे डोक्यातून काढून टाका.

परवा एकाने ते कार्ड माझ्याकडून १,५०० ला मागितलं. बॉक्ससकट हवं म्हणाला. मी दिलं नाही आणि देणारही नाही, कारण पुढच्या शुक्रवारी ते कोणाच्या हातात जाईल हे मला पक्कं ठाऊक आहे. बार्देश किंवा डिचोली भागात कोणाला निळा पोर्ट आणि पेनड्राइव्हसकट असं कार्ड मिळालं असेल, तर लाजून गप्प बसू नका. आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार द्या, तारखेचा शिक्का मारून प्रत घ्या. चार जणांच्या तक्रारी एकाच मोबाइल नंबरवर आल्या, तर 'दोघांतला व्यवहार' म्हणून कोणालाही फाइल बाजूला सारता येणार नाही.