अठरा इंची चाकं, आठ महिने आणि ४ मिलिमीटर

मध्यंतरी एकदा पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण कापून गाडी वळवत होतो, तर मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी ती गचके द्यायला लागली. दोन दिवसांनी हायवेवर ऑल-व्हील-ड्राइव्हचा, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेचा, इशारा-दिवा लागला. मागच्या चाकांना ताकद पोचवणारं कपलिंग तापलं म्हणून मागच्या चाकांची ताकद बंद. म्हणजे ज्यासाठी ही गाडी घेतली, नेमकं तेच गेलं.

त्याच्या आठ महिने आधी २१५/५५ आर१७ टायर (रुंदी २१५ मिमी, भिंत तिच्या ५५ टक्के, रिम १७ इंची) काढून २३५/४५ आर१८ घातले. हे माप ठरवायला किती रात्री घालवल्या ते घरच्यांना विचारा. जुना व्यास ६६८.३ मिमी, नवा ६६८.७. स्पीडोमीटरला पत्ताही लागू नये. लोड इंडेक्सही तोच ९४, म्हणजे टायरमागे ६७० किलो. रिम मात्र ७जे (७ इंच रुंद), ऑफसेट ५५ (गाडीला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून ५५ मिमी बाहेर) वरून ८जे, ऑफसेट ४५ वर नेली. आत २.७ मिमीच सरकली, पण बाहेर २२.७ मिमी आली. पावसात दारं चिखलाने माखतात. दिसायला झकास, वळणावर पकड उत्तम. पहिले सहा महिने मी भेटेल त्याला १८ इंचांची शिफारस करत सुटलो होतो.

मग खड्डा आला. टायरची भिंत ११८ मिमीवरून १०६ वर आली होती, त्या १२ मिमीची किंमत तेव्हा कळली. साइडवॉल फाटली. दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, तीच कंपनी, तोच पॅटर्न, तेच माप. एकच बदला, बाकीचे तीन चांगले आहेत.’’ मीही खूश. तीन टायरचे पैसे वाचले ना!

गोम इथेच होती. माप तेच, पण नव्याची नक्षी ८ मिमी खोल आणि २४,००० किमी पळालेल्या तिघांची ४ मिमी. त्रिज्येत ४ मिमी म्हणजे परिघात २५ मिमी. ढोबळ हिशेबाने नवा टायर दर किलोमीटरला जवळपास ६ फेरे कमी घेतो. त्याच्या जोडीचं चाक आणि तो यांच्यातला फरक डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) सांभाळून घेतं, पण पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये निम्मा फरक उरतोच. तो कपलिंगमधल्या क्लचप्लेट्स घासून घासून पचवतात. सरळ रस्त्यावरसुद्धा, अखंड. काही कंपन्या तर चारही टायरच्या परिघात ६ मिमीपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाहीत. मी चौपट घेऊन फिरत होतो.

मूळ मापाशी ०.४ मिमी जुळवण्यात मी जीव टाकला. चारही टायर सारखेच दीड टक्का मोठे असते, तर फार तर स्पीडोमीटर थोडा खोटं बोलला असता. चौघं एकमेकांशी जुळायला हवे होते, आणि ते मी बघितलंच नाही.

नवा टायर तासून बारीक करता येतो म्हणे, पण माझ्या दुकानदाराने हात झटकले. तिघं धडधाकट टायर फेकायला मन तयार नव्हतं. शेवटी दोन आठवडे शोधून त्याच मॉडेलचा, ४.३ मिमी नक्षीचा वापरलेला टायर मिळवला. तयार झाल्याची तारीख, भिंत, आतली बाजू, सगळं पाहून मगच घेतला. तो बसवून कपलिंगचं तेल बदलल्यावर गचके थांबले, दिवाही गेला. कपलिंगचं आयुष्य किती खाल्लं, ते मात्र कळायला मार्ग नाही.

आता डॅशबोर्डच्या कप्प्यात खोली मोजायचा गेज असतो. दर महिन्याला चारही चाकं मोजतो, ८,००० किमीला पुढची मागे करतो. बायको हसते, हसू दे. पुढच्या वेळी १७ इंचच. जुन्या रिम अजून माळ्यावर आहेत.

आणि डिकीतली स्टेपनी? ती जुन्या मापाची, पूर्ण आकाराची, कधीच न वापरलेली, नवीकोरी. म्हणजे तीही आता बाकीच्यांपेक्षा व्यासात साडेसात मिमीने मोठी. लागलीच कधी, तर जवळच्या टायरवाल्यापर्यंत, तेही हळूहळू.