क्लच प्लेट न बदलता दुरुस्त झालेली स्ट्रीट : मिरजेतील एका गॅरेजचा अनुभव
गिअर असलेली पण हाताचा क्लच नसलेली हिरो होंडा स्ट्रीट ही मोटारसायकल आता रस्त्यावर क्वचितच दिसते आणि तिचे यंत्र समजून दुरुस्ती करणारे मिस्त्री त्याहून क्वचित भेटतात. म्हणून मिरजेतील एका छोट्या गॅरेजात मिळालेल्या सेवेविषयी सविस्तर लिहीत आहे. मनगटाच्या जुन्या दुखापतीमुळे डाव्या हाताने क्लच दाबणे मला जमत नाही आणि शेताकडच्या खड्ड्यांतून स्कूटरची लहान चाके नेणे अवघड जाते. त्यामुळे ही गाडी चालू राहणे माझ्यासाठी गरजेचे आहे.

तक्रारी दोन होत्या. पहिला गिअर टाकताच गाडी खाडकन झटका देऊन सिग्नललाही पुढे सरकू पाहत असे, आणि चढावर मात्र इंजिन नुसतेच ओरडे, गाडी ओढत नसे. आधीच्या एका गॅरेजने क्लच प्लेटचा पूर्ण संच बदलण्याचा सल्ला दिला होता.

येथील मिस्त्रींनी सुरुवातीला क्लचला हातच लावला नाही. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून त्यांनी हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे पूर्ण वळवले, तसा इंजिनाचा आवाज चढला. “काका, ऐकलंत ना? ॲक्सिलरेटर न पिळता आवाज वाढतोय, म्हणजे केबल ओढली जातेय,” असे म्हणून त्यांनी केबल सोडवली. टोकाजवळच्या दोन बारीक तारा तुटून आवरणात अडकल्या होत्या, त्यामुळे कार्ब्युरेटरमधील स्लाइड, म्हणजे इंजिनात जाणारे हवा-पेट्रोलचे मिश्रण कमी-जास्त करणारा सरकता भाग, पूर्ण खाली बसत नव्हती. या गाडीत इंजिनाचे फेरे वाढले की क्लचचे वजनी भाग बाहेर फेकले जाऊन पकड घेतात. साहजिकच आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न पिळता चालणाऱ्या इंजिनाचे फेरे, चढलेले असेल तर आपण थांबलेलो असतानाही क्लच पकडू लागतो. क्लचचा म्हणून सांगितलेला झटका प्रत्यक्षात थ्रॉटलचा, म्हणजे ॲक्सिलरेटरचा होता, हे इतक्या सोप्या चाचणीने दाखवून देणारा माणूस मला प्रथमच भेटला.

चढावरच्या तक्रारीचे मूळ ऑइलमध्ये निघाले. हाताचा क्लच नाही म्हणून कोणीतरी तिला स्कूटर समजून ‘जासो’ या जपानी मानकातील ‘एमबी’ दर्जाचे, स्कूटरसाठीचे कमी घर्षणाचे ऑइल भरले होते. या गाडीचा क्लच ऑइलमध्येच फिरतो, त्याला ‘एमए’ दर्जाचे ऑइल लागते. कमी घर्षणाच्या ऑइलने प्लेटा घसरतात. ऑइल बदलल्यावर त्यांनी क्लचचा ॲडजस्टिंग स्क्रू लावला. नट सैल करून स्क्रू एक फेरा उजवीकडे, मग बोटांना हलका अडसर जाणवेपर्यंत डावीकडे, आणि तेथून पुन्हा उजवीकडे फक्त एक अष्टमांश फेरा. पेचकस धरलेले त्यांचे मनगट अगदी किंचित हलले होते. नट आवळताना स्क्रू सोबत फिरू नये म्हणून त्यांनी तो घट्ट धरून ठेवला.

1958 साली होंडा सुपर कब या छोट्या दुचाकीसाठी जपानमध्ये हाताविना चालणारा क्लच बनवला गेला, तो एक हात सामानासाठी मोकळा राहावा म्हणून. त्याच घराण्यातील ही गाडी आहे, हे मिस्त्रींना ठाऊक होते, याचा मला मनापासून आनंद झाला.

केबल, ऑइल आणि मजुरी मिळून 900 रुपये झाले. गाडी मात्र दोन दिवस ठेवावी लागली आणि लेखी बिल मागूनच घ्यावे लागले. स्ट्रीटच्या क्लच प्लेटा ते दुकानात ठेवत नाहीत. त्या खरोखरच झिजल्या असतील तर आधी विचारून जावे.