अल्कोहोलपासून अल्कीन: सल्फ्युरिक, फॉस्फोरिक, अ‍ॅल्युमिना की फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड?

निर्जलीकरण, म्हणजे अल्कोहोलमधून पाणी काढून अल्कीन (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेलं संयुग) बनवणं, म्हटलं की पहिला हात जातो तो संहत सल्फ्युरिक आम्लाच्या बाटलीकडे. माझं म्हणणं असं, की आधी अल्कोहोल नीट बघा, मग बाटली निवडा.

तृतीयक अल्कोहोल (हायड्रॉक्सिल म्हणजे OH गटाचा कार्बन आणखी तीन कार्बनांना जोडलेला) असेल तर फार विचार नको. तृतीयक ब्युटिल अल्कोहोलला 20 टक्के फॉस्फोरिक आम्ल आणि साधारण 85 अंश सेल्सिअस पुरतात, कारण मध्ये तयार होणारा कार्बोकॅटायन (धन प्रभार असलेल्या कार्बनचा आयन) स्थिर असतो. इथेनॉल मात्र सहजासहजी पाणी सोडत नाही. तिथे संहत सल्फ्युरिक आम्ल आणि 170 अंश लागतात. तापमान 140 च्या आसपास रेंगाळलं, की इथीनऐवजी डायइथिल ईथर मिळतो. बाष्प तापलेल्या अ‍ॅल्युमिनावरून (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडवरून) नेण्याची सोय असेल, तर इथेनॉलसाठी मी तोच मार्ग निवडेन. तिथे 350 अंशांच्या वर राहायचं; 250 ला पुन्हा ईथरच.

खरा प्रश्न द्वितीयक अल्कोहोलचा, म्हणजे जिथे तो कार्बन आणखी दोनच कार्बनांना जोडलेला असतो. सायक्लोहेक्झेनॉल घ्या. सल्फ्युरिक आम्लाने अल्कीन मिळतं, पण ते ऑक्सिडीकारकही आहे. मिश्रण काळं पडतं, सल्फर डायऑक्साइडचा झोंबरा वास येतो आणि उत्पादन धुण्याचं काम वाढतं. 85 टक्के फॉस्फोरिक आम्लाने हा त्रास बराच कमी होतो. सायक्लोहेक्झीन 83 अंशांना उकळतं, सायक्लोहेक्झेनॉल 161 ला. त्यामुळे अल्कीन तयार होईल तसं पाण्यासोबत ऊर्ध्वपातनाने काढून घेता येतं आणि समतोल पुढे सरकत राहतो. फक्त घाई करू नका. वरचा थर्मामीटर 90 च्या पुढे गेला, की मूळ अल्कोहोलही सोबत येऊ लागतं.

पण रेणूतील कार्बनांचा सांगाडा बदलण्याची भीती असेल, तर दोन्ही आम्लं बाजूला ठेवा. 3,3-डायमिथिलब्युटेन-2-ऑलवर आम्ल वापरलं, की कार्बोकॅटायनमध्ये मिथिल गट शेजारच्या कार्बनवर सरकतो आणि मुख्यतः 2,3-डायमिथिलब्यूट-2-ईन मिळतं. आम्ल सौम्य घेतलं तरी हे टळत नाही. पिरिडीनमध्ये फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड वापरल्यास शून्य अंशांजवळ काम होतं. हायड्रॉक्सिल गटाचं आधी चांगल्या निर्गामी गटात (सहज सुटून जाणाऱ्या गटात) रूपांतर होतं आणि पिरिडीन शेजारचा प्रोटॉन काढून घेतं. कार्बोकॅटायन मध्ये येतच नाही, म्हणून सांगाडा जसाच्या तसा राहतो. अशा रेणूंसाठी मी याच्याच बाजूने आहे. भांडी मात्र पूर्ण कोरडी हवीत आणि काम धूरकपाटातच करायचं: पाण्याशी हे द्रव्य जोरात अभिक्रिया करतं आणि हायड्रोजन क्लोराइडचा धूर सोडतं.