पेनड्राइव्ह आपोआप जोडण्याचे चार मार्ग: लिनक्सवर कोणाला कोणता सोयीचा?

नागपुरात महाल भागातील एका डीटीपी व झेरॉक्सच्या दुकानातले संगणक आणि त्याच गल्लीतील एका अभ्यासिकेतले संगणक यांची देखभाल माझ्याकडे आहे. दोन्हीकडे लिनक्स आहे. दुकानात लग्नपत्रिकेचा मजकूर, स्पर्धा परीक्षेच्या अर्जासाठीचे फोटो, महाविद्यालयाचे प्रकल्प असे सगळे पेनड्राइव्हमधूनच येते. लावलेला पेनड्राइव्ह फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत दिसला नाही, की काउंटरवरचे काम तिथेच अडते. यावर उपाय विचारला असता कोणी नवा प्रोग्राम टाकायला सांगतो, कोणी एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची याच्या नोंदींची फाइल) ओळ लिहायला सांगतो, तर कोणी युडेव्हचा (जोडलेली उपकरणे हाताळणारी सेवा) नियम लिहायला सांगतो. हे तिन्ही उपाय आपापल्या जागी योग्य आहेत, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. त्या संगणकावर कोण बसते, आणि पेनड्राइव्ह लावताना कोणी लॉगिन केलेले असते की नाही, यावरून निवड करावी, असे माझे मत आहे.

निवडीच्या आधी बिघाड नेमका कुठे आहे, हे पाहणे आवश्यक आहे. पेनड्राइव्ह लावल्यापासून फाइल उघडेपर्यंतचे काम अनेकांच्या हातातून जाते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उपकरण ओळखून त्याला एसडीबी१ सारखे नाव देतो, युडेव्ह त्यावरील फाइल सिस्टिम (फाइली साठवण्याची रचना) आणि लेबल वाचतो, युडिस्क्स नावाची पार्श्वभूमीत चालणारी सेवा माउंट करण्याची, म्हणजे त्यावरील फाइली एखाद्या फोल्डरमध्ये उघडून देण्याची, सोय पुरवते, पोलकिट ही यंत्रणा परवानगी द्यायची की नाही ते ठरवते, आणि प्रत्यक्ष ‘माउंट कर’ ही आज्ञा डेस्कटॉपचा एखादा भाग देतो. युडिस्क्स स्वतःहून काहीही माउंट करत नाही, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही आणि पुष्कळ गोंधळ तिथूनच सुरू होतो.

तपासणी दोन आज्ञांत होते. टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा दिल्यावर यादीत पेनड्राइव्ह नसेल, तर दोष पोर्ट, केबल, हब किंवा खुद्द पेनड्राइव्हमध्ये आहे, आणि खालीलपैकी कोणताही मार्ग तिथे उपयोगाचा नाही. यादीत असेल, तर सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) न लावता, साध्या वापरकर्त्याच्या नावाने ‘युडिस्कसीटीएल माउंट’ ही आज्ञा पेनड्राइव्हच्या विभाजनावर (उदा. एसडीबी१) चालवून पाहावी. ती यशस्वी झाली, तर खालची सारी व्यवस्था ठीक आहे आणि फक्त आज्ञा देणारा डेस्कटॉपचा भाग गायब किंवा बंद आहे. ती अयशस्वी झाली, तर येणारा त्रुटीसंदेश शब्दशः वाचावा, कारण अपुरी परवानगी, अनोळखी फाइल सिस्टिम आणि चुकीची नोंद या तिन्हींचे संदेश वेगवेगळे असतात.

अभ्यासिकेतल्या एका संगणकावर पहिला पेनड्राइव्ह कधीच उघडत नसे. तो तसाच ठेवून दुसरा लावला, की दुसरा मात्र निमूटपणे उघडत असे. फाइल मॅनेजर बदलून झाला, पॅकेजेस पुन्हा टाकून झाली, तरी फरक पडला नाही. शेवटी एफएसटॅब उघडून पाहिली, तेव्हा त्यात एक ओळ सापडली, जिच्यानुसार एसडीबी१ हे उपकरण म्हणजे सीडी होती. लिनक्स टाकताना वापरलेल्या पेनड्राइव्हलाच इन्स्टॉलरने सीडी समजून ती नोंद मागे ठेवली होती. युडिस्क्स एफएसटॅबमधील नोंदीचा मान राखतो, त्यामुळे एसडीबी१ हे नाव मिळालेल्या प्रत्येक पेनड्राइव्हवर तो सीडीचीच फाइल सिस्टिम शोधत होता. दुसऱ्या पेनड्राइव्हला एसडीसी१ हे नाव मिळत असल्याने तो सुटत होता. त्या ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह घालून ती निष्क्रिय केली आणि काम झाले. म्हणून नवे काहीही टाकण्यापूर्वी एफएसटॅब एकदा डोळ्यांखालून घालावी, असा माझा आग्रह असतो.

आता प्रत्यक्ष तुलना. पहिला मार्ग डेस्कटॉपच्या स्वतःच्या सोयीचा. नोम डेस्कटॉपवर ती मुळातच चालू असते. एक्सएफसीई डेस्कटॉपवर हे काम थुनार-वोल्मन या वेगळ्या पॅकेजकडे असते. ते नसेल किंवा थुनार या तिथल्या फाइल मॅनेजरच्या प्राधान्यांमधील व्हॉल्यूम व्यवस्थापनाची खूण काढलेली असेल, तर पेनड्राइव्ह पट्टीत दिसतो, पण क्लिक केल्याशिवाय उघडत नाही. केडीईवर पेनड्राइव्ह लावल्याची सूचना येते, पण आपोआप माउंट होणे सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतः सुरू करावे लागते. पुष्कळजण याला बिघाड समजतात. या मार्गाचा मोठा गुण म्हणजे माउंट झालेल्या फाइली लॉगिन केलेल्या व्यक्तीच्या नावावर असतात, बाहेर काढण्याचे बटण समोर असते, आणि पेनड्राइव्हवरील प्रोग्रामला वाढीव अधिकार मिळू न देणारे पर्याय युडिस्क्स स्वतःच लावतो. मर्यादा एकच, की लॉगिन नसेल तर काही होत नाही. दुकानाच्या काउंटरसाठी आणि घरच्या संगणकासाठी मी बिनदिक्कत हाच मार्ग सुचवतो. मात्र अनोळखी लोकांचे पेनड्राइव्ह येतात तिथे आपोआप माउंट होणे चालू ठेवावे आणि खिडकी आपोआप उघडणे व प्रोग्राम आपोआप चालणे बंद ठेवावे. या सेटिंग्ज वेगवेगळ्या असतात आणि वेगवेगळ्या ठेवण्यातच हित आहे.

दुसरा मार्ग युडिस्की या छोट्या प्रोग्रामचा. जुन्या, कमी रॅमच्या संगणकावर पूर्ण डेस्कटॉपऐवजी ओपनबॉक्स किंवा आय३ असा नुसत्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम चालवला असेल, तर ‘माउंट कर’ म्हणणारे तिथे कोणीच नसते. ती जागा युडिस्की भरून काढतो. लॉगिन होताच तो सुरू होईल अशी व्यवस्था करावी आणि ट्रेमध्ये त्याचे चिन्ह ठेवावे, म्हणजे काढतानाही तो उपयोगी पडतो. त्याचेही काम युडिस्क्समार्फतच चालते, त्यामुळे पहिल्या मार्गाचे बहुतेक फायदे इथेही मिळतात. अडचण येते ती परवानगीची. पोलकिट त्या संगणकासमोर बसलेल्या सक्रिय सत्राला मोकळीक देते. एसएसएचने दुरून आलेल्या किंवा नीट नोंद न झालेल्या सत्रात तेच काम प्रशासकाचा पासवर्ड मागते किंवा थेट नाकारले जाते. अशा वेळी पोलकिटचे नियम सैल करण्यापूर्वी लॉगिनची पद्धत तपासावी. आणखी एक खबरदारी म्हणजे थुनार-वोल्मन व युडिस्की एकाच वेळी चालू ठेवू नयेत. दोघेही एकाच पेनड्राइव्हवर धाव घेतात आणि मागे राहिलेल्याकडून ‘आधीच माउंट आहे’ असा संदेश येतो, जो पाहून माणूस नसलेला दोष शोधत बसतो.

तिसरा मार्ग, म्हणजे एफएसटॅब, अनोळखी पेनड्राइव्हसाठी नाहीच. तो एका ठरावीक, ओळखीच्या ड्राइव्हसाठी आहे, आणि तिथे त्याला तोड नाही. दुकानातल्या बॅकअपच्या हार्ड डिस्कसाठी मी तोच वापरतो. नोंद एसडीबी१ या नावाने न करता यूयूआयडीने, म्हणजे त्या विभाजनाच्या कायम ओळखक्रमांकाने, करावी, कारण पहिले नाव लावण्याच्या क्रमाप्रमाणे बदलते. ‘नोफेल’ हा पर्याय विसरू नये. तो नसेल आणि डिस्क जोडलेली नसेल, तर संगणक सुरू होताना सामान्यतः 90 सेकंद वाट पाहतो आणि मग आपत्कालीन टर्मिनलवर जाऊन थांबतो. सकाळी दुकान उघडताना हे दृश्य कोणालाही नको असते. त्याच्या जोडीला सिस्टिमडी या सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेचा ऑटोमाउंट पर्याय लावला, तर डिस्क सुरुवातीला माउंट होत नाही. त्या फोल्डरला पहिला स्पर्श होताच होते, आणि काही वेळ वापर नसल्यास आपोआप सुटावी अशीही व्यवस्था करता येते. याचा एक फायदा सहज ध्यानात येत नाही. साध्या नोंदीत डिस्क जोडलेली नसेल, तर बॅकअपचा प्रोग्राम त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे संगणकाच्या आतल्या डिस्कवरच लिहीत सुटतो, ती भरून टाकतो आणि बॅकअप झाल्याचेही सांगतो. ऑटोमाउंट असेल तर डिस्कअभावी त्रुटी येते आणि आपल्याला वेळेत कळते.

चौथा मार्ग युडेव्हच्या नियमाचा. पडद्याशिवाय चालणारा, कोणी लॉगिन न करणारा संगणक असेल, तरच त्याचा विचार करावा. अनेक जुन्या मार्गदर्शनांत नियमातूनच थेट माउंटची आज्ञा चालवायला सांगितलेले असते. आजच्या सिस्टिमडीवर ते फसते, कारण युडेव्हची सेवा माउंटच्या स्वतंत्र अवकाशात चालते आणि तिथे झालेले माउंट बाकीच्या प्रणालीला दिसतच नाही. नियमातून सिस्टिमडी-माउंट ही आज्ञा द्यावी, हा योग्य पर्याय आहे. तरीही अशी माउंट प्रणालीच्या नावावर होते. काउंटरवरच्या मुलाला पेनड्राइव्ह काढायचा झाला, तर पासवर्ड विचारला जातो. म्हणून माणसांच्या वापराच्या संगणकावर हा मार्ग घेऊ नये.

कोणताही मार्ग घेतला, तरी फाइल सिस्टिमचा प्रश्न स्वतंत्र उरतो. एक्सफॅटचा आजचा ड्रायव्हर कर्नलमध्ये 2020 च्या 5.7 आवृत्तीत आला, आणि विंडोजच्या एनटीएफएससाठीचा, लिहिण्याची पूर्ण क्षमता असलेला एनटीएफएस३ हा ड्रायव्हर 2021 च्या 5.15 मध्ये, त्याहून जुन्या प्रणालीवर वेगळे पॅकेज लागते. ग्राहकाची एनटीएफएसची हार्ड डिस्क माउंट व्हायला नकार देते किंवा फक्त वाचता येते, तेव्हा बहुधा ती विंडोजमधून नीट न सुटलेली असते. विंडोजचे फास्ट स्टार्टअप हे त्याचे नेहमीचे कारण. डिस्क पुन्हा विंडोजला लावून, शिफ्ट दाबून पूर्ण शटडाउन करणे हा सुरक्षित उपाय. एनटीएफएसफिक्स ही आज्ञा काही मूलभूत दोष दूर करते, पण ती विंडोजच्या डिस्क तपासणीची जागा घेत नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो असलेल्या डिस्कवर मी ती चालवत नाही.

राहिला प्रश्न काढण्याचा. कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांवर पोहोचली, तरी माहितीचा काही भाग अजून रॅममध्येच असू शकतो. फॅटच्या पेनड्राइव्हवर युडिस्क्स ‘फ्लश’ हा पर्याय लावत असल्याने ही उसनवारी लवकर फिटते. एक्सफॅट आणि एनटीएफएसवर तसे नसते, आणि छायाचित्रकारांच्या मोठ्या फाइली नेमक्या त्यांवरच जातात. म्हणून दुकानातल्या मुलांना मी एकच सवय लावली आहे: बाहेर काढण्याचे बटण दाबायचे, ‘आता काढता येईल’ ही सूचना येईपर्यंत थांबायचे, आणि मगच पेनड्राइव्ह ग्राहकाच्या हातात द्यायचा.