मुतखड्यावरून 'ताकदीचं' चूर्ण गळ्यात मारणारी टोळी, सांभाळून रहा

मला मूत्रनलिकेत खाली 6 एमएमचा खडा निघाला. युरोलॉजिस्टनी टॅमसुलोसिन दिली, खडा पडायला मदत होते म्हणून. कळ कमरेतून निघायची ती थेट अंडकोषात, आणि गोळी चालू झाल्यावर संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर येईचना. आता हे कुणाला विचारणार?

या लोकांना बरोबर माहीत असतं कुणाला काय विचारता येत नाही ते. सोनोग्राफी करून बाहेर आलो, हातात ती मोठी पिशवी, तर एक जण येऊन म्हणे, "भाऊ, किडनी स्टोन का? आमच्या मेव्हण्याला पण होता, बिचाऱ्याचं घरातलं पण सगळं बंद झालेलं." जवळच दुकान. वैद्यजींनी नाडी धरली न् सांगितलं, खड्याच्या उष्णतेने धातू आटला, नसा सुकल्या, असंच राहिलं तर मूलबाळ विसरा. औषध किती, तर एकशे ऐंशी. मग समोरच खलात पाच-सहा मुळ्या, वर सुवर्णभस्म म्हणून कसलीतरी पिवळी चिमूट, सगळं कुटून एक केलं आणि मग तराजूवर ठेवलं. 120 ग्रॅम भरलं, झाले 21,600! एकशे ऐंशी हा एका ग्रॅमचा भाव होता. नको म्हटलं तर "आता कुटलंय साहेब, तुमच्या प्रकृतीचं आहे, दुसऱ्याला चालत नाही", आणि तो मेव्हणेवाला दार अडवून उभा. पैसे जीपेने गेले, त्यावर नाव तिसऱ्याच कुणाचं, पावती म्हणजे कोऱ्या कागदावर नुसता आकडा.

चूर्ण घेतल्यावर जोर आला हे खरंय, पण पलंगावरून उठलो तर डोळ्यापुढे अंधारी, भिंत धरून बसलो. युरोलॉजिस्ट म्हणाले असल्या चूर्णात बऱ्याचदा सिल्डेनाफिल म्हणजे व्हायग्रातलंच औषध मिसळलेलं सापडतं, आणि ते टॅमसुलोसिनसोबत पोटात गेलं की बीपी एकदम खाली येतो. वीर्याचं कारण तर ती गोळीच होती, तिचा हा माहीत असलेला साइड इफेक्ट आहे, गोळी बंद केली की जातो. (हे चिठ्ठी लिहितानाच सांगितलं असतं तर माझे पैसे वाचले असते, असो.) अंडकोषातली कळ पण खड्याचीच, नसा सामायिक असतात म्हणून तिकडे जाणवते. ज्यांना डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रनलिकेत ठेवायची बारीक नळी, टाकतात त्यांना पण संबंधाच्या वेळी दुखतं, तेही स्टेंट काढला की बहुतेक थांबतं. माझा खडा पडला, गोळी बंद झाली आणि सगळं पूर्ववत.

1954 चा औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर बंदीचा कायदा आहे ना, त्यातल्या आजारांच्या यादीत मूत्रपिंडातला खडा आणि नपुंसकत्व दोन्ही आहेत, तरी यांचे बोर्ड भर रस्त्यावर! मी एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) तक्रार दिलीये, पैसे काही मिळालेले नाहीत. कुणी असलं चूर्ण घेतलं असेल तर उरलेली पुडी फेकू नका, तपासणीला लागते. आणि घरात कुणी हार्टसाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेत असेल तर त्यांना असल्या पुडीला हात पण लावू देऊ नका, सिल्डेनाफिल असेल तर जिवावर बेतू शकतं.