‘संपूर्ण संच’ नावाचा अपूर्ण संच : एका फँटसी मालिकेच्या वाचनानंतर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एका इंग्रजी फँटसी मालिकेचा खोक्यातला संच मी ऑनलाइन मागवला, आणि तेव्हापासून तो मी आणि माझी पुतणी असे दोघे मिळून वाचत आहोत. ती बेळगावात उद्यमबागेकडे अभियांत्रिकीला आहे आणि माझ्यापेक्षा नेहमी एक खंड पुढे असते. मालिकेचे आणि प्रकाशकाचे नाव येथे देत नाही, कारण जे सांगायचे आहे ते या प्रकारच्या बहुतेक संचांना लागू पडते. खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘संपूर्ण संच’ असे छापलेले आहे. आत पुस्तके सहा आहेत, कादंबऱ्या चार आहेत, आणि कथा त्या चारांतही संपत नाही.

चाराचे सहा होतात ते असे. पेपरबॅकची जाडी एका मर्यादेपलीकडे गेली की बांधणी टिकत नाही, म्हणून एकच कादंबरी दोन भागांत कापून देतात. ही प्रथा जुनी आहे. टोल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही मुळात एकच कादंबरी. युद्धानंतर कागद महाग असल्यामुळे ती १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघाली. जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेतील तिसरी आणि पाचवी कादंबरीसुद्धा ब्रिटिश पेपरबॅकमध्ये प्रत्येकी दोन पुस्तकांत मिळते, त्यामुळे पाच कादंबऱ्यांच्या संचात सात पुस्तके दिसतात. कागद आणि डिंक यांच्या मर्यादा समजण्यासारख्या आहेत. मात्र जाहिरातीत ‘सहा पुस्तके इतक्या रुपयांत’ असा भाव मांडायचा आणि कादंबऱ्या किती हे कुठेच सांगायचे नाही, याला हिशेब म्हणत नाहीत. आमच्या संचात तिसरी कादंबरी किल्ल्याला वेढा पडलेला असताना, आणि तोही एका प्रकरणाच्या ऐन मध्यावर, कापली आहे. लेखकाने तिथे विराम योजलेला नव्हता हे पुढच्या पुस्तकाचे पहिलेच वाक्य वाचताना कळते.

‘संपूर्ण’ या दाव्याबद्दल अधिक बोलले पाहिजे, कारण लांबलचक मालिका विकत घेताना सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच असतो. हॅरी पॉटरची सात पुस्तके १९९७ ते २००७ या दहा वर्षांत पूर्ण झाली आणि ती सात असणार हे वाचकाला आधीपासून ठाऊक होते. असे भाग्य विरळा. रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ १९९० मध्ये सुरू झाली. २००७ मध्ये लेखक निवर्तले, आणि त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी शेवट लिहायला घेतला तर त्या एका शेवटाचेच तीन ग्रंथ झाले. चौदावा खंड आला तेव्हा २०१३ साल उजाडले होते. मार्टिन यांची मालिका तर त्रयी म्हणून योजली होती. पहिली कादंबरी १९९६ ची, पाचवी २०११ ची, आणि सहावीची वाट वाचक त्यानंतर पाहतच राहिले. लेखकाने किती वेगाने लिहावे हे सांगण्याचा अधिकार वाचकाला नाही, हे मला मान्य आहे. विक्रेत्याने मात्र अपुरी मालिका अपुरी म्हणूनच विकली पाहिजे, आणि त्यासाठी खोक्यावर एक ओळ पुरते.

जाहिरातीतील बाकीच्या क्लृप्त्या परिचयाच्याच आहेत. खरेदीच्या पानावर सवलत संपायला किती मिनिटे उरली ते दाखवणारे घड्याळ होते. रात्री ते शून्यावर आले आणि सकाळी पुन्हा पूर्ण मुदत दाखवू लागले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत तेरा प्रकार सांगितले आहेत आणि खोटी घाई निर्माण करणे हा त्यांतला पहिलाच आहे. नियम चांगला आहे, पण घड्याळ अजून चालू आहे. मलपृष्ठावर एका वृत्तपत्राचा अभिप्राय आहे : अलीकडे तीन टिंबे, पलीकडे तीन टिंबे आणि मध्ये ‘भव्य’ हा एकच शब्द. टिंबांच्या जागी मूळ परीक्षणकार काय म्हणाला असेल, यावर आम्ही घरात बराच वेळ घालवला. उरलेले अभिप्राय ज्या लेखकांचे आहेत त्यांची पुस्तके शोधून पाहिली, तर बहुतेक सगळी याच प्रकाशन संस्थेची निघाली. पृष्ठसंख्येची गंमत याहून मोठी आहे. शेवटच्या पुस्तकात कथा संपते तिथून अखेरच्या पानापर्यंत बोटभर जाडी उरते. तिच्यात वंशावळी, राजघराण्यांच्या याद्या आणि एका वेगळ्याच मालिकेतील नमुन्याची दोन प्रकरणे आहेत. हे सगळे ‘इतकी पाने’ या जाहिरातीत धरलेले आहे.

आता वाचनाबद्दल. पहिली कादंबरी उत्तम आहे आणि तिच्यासाठी पैसे वसूल झाले असे म्हणता येते. दुसरीपासून पात्रे वाढू लागतात. प्रत्येक प्रकरण वेगळ्या पात्राच्या नजरेतून सांगितलेले असल्यामुळे एखाद्याला कड्यावरून ढकलून दिले की त्याचे पुढे काय झाले हे कळायला दोनतीनशे पाने जातात, आणि तोपर्यंत तो कोण होता याचाच विसर पडतो. ‘काका, हा मागच्या भागात मेला होता ना?’ हा प्रश्न आमच्याकडे इतक्या वेळा विचारला गेला की पुतणीने शेवटी एक वही घातली : डावीकडे नाव, मध्ये घराणे, उजवीकडे ‘जिवंत’, ‘मृत’ किंवा ‘शंका’. शंकेचा रकाना सर्वांत आधी भरला. मालिका वर्षानुवर्षे चालणार हे माहीत असणाऱ्या प्रकाशकाने प्रत्येक खंडाच्या आरंभी ‘आतापर्यंतची कथा’ म्हणून चार पाने दिली असती, तर ती नमुन्याच्या प्रकरणांपेक्षा कितीतरी उपयोगी पडली असती. आपल्या साप्ताहिकांत धारावाहिक कादंबरीच्या प्रत्येक हप्त्यावर मागील कथेचा सारांश छापत असत, तोही आठ दिवसांपूर्वीच्या मजकुराचा.

तिसरी कादंबरी मला पोकळ वाटली. तीत सैन्ये चालतात, मेजवान्या होतात, पदार्थांची नावे येतात आणि कथा जागची हलत नाही. चौथीत मात्र लेखक पुन्हा सापडतो. विशेषतः एका नावाड्याच्या विधवेची प्रकरणे अशी आहेत की त्यांच्यासाठी तिसरी सहन केली याचे दुःख होत नाही.

छपाई आणि बांधणीविषयी दोन गोष्टी नोंदवणे आवश्यक आहे. बेळगावच्या पावसात कागद फुगतो, आणि खोके इतके घट्ट मापाचे आहे की जुलैत बाहेर काढलेली सहा पुस्तके ऑगस्टमध्ये आत जाईनात; दिवाळीपर्यंत पाचच बसत होती. नकाशा दोन पानांवर पसरलेला असून राजधानी नेमकी शिवणीत गेली आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पाचव्या पुस्तकात एक सोळापानी फर्मा, म्हणजे घडी घालून एकत्र बांधलेल्या सोळा पानांचा गठ्ठा, दोनदा बांधला गेला आहे आणि त्याच्या पुढचा फर्मा मुळीच नाही. परत करण्याची मुदत दहा दिवसांची होती. इतके जाड सहा ग्रंथ दहा दिवसांत कोणी वाचत नाही, त्यामुळे पाचव्यातील दोष वाचकाला मुदतीत कळणे अशक्यच असते. विक्रेत्याने नियमावर बोट ठेवले आणि प्रकाशकाकडून उत्तर आले नाही. हरवलेली सोळा पाने पुतणीच्या मैत्रिणीच्या प्रतीवरून छायाप्रत काढून घेतली, आणि शहापुरातील एका बाइंडरने ती इतक्या सफाईने चिकटवली की संचात आता तोच खंड सर्वांत मजबूत आहे. संच घेणाऱ्यांनी तो हाती आल्याच दिवशी सर्व पुस्तकांचे पृष्ठक्रमांक सोळा-सोळाच्या टप्प्याने तपासावेत.

कडोली, उचगाव, येळ्ळूर येथील साहित्य संमेलनांतल्या पुस्तकांच्या दुकानांवर पुस्तक उघडून, चाळून, मग घेण्याची सवय आपल्या भागातील वाचकांना आहे. तिथे अशा इंग्रजी मालिका सहसा येत नाहीत, आणि म्हणूनच ऑनलाइन खरेदीखेरीज पर्याय उरत नाही. तरीही पूर्ण संच घेण्यापेक्षा पहिली कादंबरी सुटी घ्यावी, असे मी सुचवेन. संचात पडणारी सवलत तिसऱ्या कादंबरीपर्यंत टिकणाऱ्यालाच मिळते, आणि आमच्या ओळखीत तिथपर्यंत पोचलेले फार थोडे आहेत.

पाचव्या कादंबरीची आगाऊ नोंदणी त्याच संकेतस्थळावर सुरू आहे. तिची तारीख आम्ही वाचायला लागल्यापासून एकदा पुढे गेली आहे, आणि ‘संपूर्ण’ खोक्यात तिच्यासाठी जागा ठेवलेली नाही. पुतणीने तरीही नोंदणी केली. पैसे पुस्तक आल्यावर द्यायचे असल्यामुळे मी तिला अडवले नाही.